शिरूरहून सुटणारी विमानं

पोपट पेंटरला तंद्री लागायची. शिरूरच्या बाजारपेठेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी ते चालवून घेतलं होतं, कारण त्याच्यासारखं अक्षर तालुक्यात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. एकदा न्हावऱ्याला खताच्या दुकानाची भिंत रंगवायला गेला, तर हा गडी दुकानाची भिंत संपून शेजारच्या गिरणीची भिंतसुद्धा निम्मी हिरवी करून बसला. गिरणीवाला जेवून परत आला तेव्हा पोपट शिडीवर बसून कुठेतरी लांब बघत होता. भांडण व्हायचं ते राहिलंच. गिरणीवाल्याने उरलेली निम्मी भिंतही त्याच्याकडूनच रंगवून घेतली, दुसरं करणार काय.

अंगाने काटकुळा, बोलायला कमी, बोटांच्या पेरांत कायमचा निळा रंग. जयंती जवळ आली की विहाराच्या कमानीपासून वस्तीवरच्या झेंड्याच्या कट्ट्यापर्यंत सगळं त्याच्याच हातचं. एरवी जीपच्या पाट्या, डेअरीचे बोर्ड, निवडणुकीच्या भिंती. अक्षरं सरळ बसावीत म्हणून तो खडूची पूड लावलेलं सूत भिंतीवर ताणायचा, मधोमध चिमटीत धरून सोडायचा आणि भिंतीवर पांढरी रेघ उमटायची. सुताचं दुसरं टोक धरायला त्याची मुलगी करुणा. शाळा सुटली की दप्तर टाकून ती शिडीखाली हजर. "सैल सोडू नको," एवढंच तो म्हणायचा आणि ती ओठ दाबून टोक धरून उभी राहायची.

करुणा पुढे नर्सिंग शिकली आणि २००४ साली तिला रायपूरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. पोपटला वाटत होतं शिरूरला लागेल, फार तर पुण्याला. रायपूर कुठे आलं हेसुद्धा त्याला शेजारच्या मास्तरांना विचारावं लागलं. तो नको म्हणाला नाही आणि हो पण म्हणाला नाही. ती निघाली त्या दिवशी ताईबाई, म्हणजे त्याची बायको, तिला दौंडला गाडीत बसवायला गेली. पोपट मात्र डेअरीचा बोर्ड अर्जंट आहे म्हणून घरी राहिला. बोर्ड आदल्या दिवशीच पुरा झाला होता. तो दिवसभर त्याच अक्षरांवरून पुन्हा पुन्हा ब्रश फिरवत बसला. लोक म्हणाले, पोपट हट्टी आहे, लेकीवर रुसला. तसं काही नव्हतं. पोपट भित्रा होता. गाडी सुटताना बघणं त्याच्याने झालं नसतं, आणि तसं कबूल करणंही त्याला जमलं नाही.

पुढच्या वर्षी करुणाला दवाखान्याकडून राहायला दोन खोल्या मिळाल्या. तिने फोन केला.

"पप्पा, दारावर लाकडाची पाटी लावलीय. कोरीच हाय. नाव तुम्ही येऊन लिहायचं."

"तिथं पेंटर न्हाईत व्हय?"

"असतील की. मला तुमचं अक्षर पायजे."

असं मायेचं काही कानावर आलं की हा माणूस नेमकं भलतंच बोलायचा. "रेल्वेचा पल्ला लई लांबचा हाय बाय," तो म्हणाला. "हिकडनं तिकडं विमान सुरू झालं की येतो बघ बसून."

करुणा हसली, तोही हसला. विमानाचं बोलणं तेव्हा शिरूरात थट्टेतच निघायचं. पुण्याहून रायपूरला कधी विमान जाईल असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

पण दिवस बदलत होते. रांजणगावला आणि कारेगावला कंपन्या उभ्या राहिल्या होत्या, साहेब लोकांचं दिल्ली-बंगळूर चालू झालं होतं, आणि नव्या नव्या विमान कंपन्या निघत होत्या. केंदूरच्या सर्जेरावांच्या विश्वजीतने त्यातल्या अंबर एअर नावाच्या एका कंपनीची एजन्सी घेतली. घरी बागायत, वडील सोसायटीचे चेअरमन. पोराने गावात राहून निवडणुकीचं पॅनल चालवावं एवढीच त्यांची इच्छा. पोरगा एस.टी. स्टँडसमोर गाळा घेऊन विमानाची तिकिटं विकायला बसला. सर्जेरावांनी सहा महिने त्या रस्त्याने जायचं सोडलं होतं म्हणतात.

विश्वजीतने पोपटला बोलावलं आणि कंपनीचा छापील नकाशा हातात दिला. "मामा, ह्यो आख्ख्या भिंतीवर काढायचा. कोणत्या गावाला विमान जातं ते रस्त्यावरनं दिसलं पायजे."

पोपटने भिंतीवर चौकोन आखले, फिकट निळ्या रंगात देश उभा केला, गावांचे ठिपके दिले आणि तांबड्या रंगात ओळी ओढल्या. विश्वजीत केंदूरहून संध्याकाळी परत आला, भिंतीपुढे उभा राहिला आणि कपाळावरचा गॉगल डोळ्यांवर घेऊन परत काढला.

"मामा, समदी विमानं शिरूरातनं उडाया लागली की."

कंपनीच्या कागदावर सगळ्या ओळी पुण्यातून निघत होत्या. पोपटने पुणं काढलंच नव्हतं. तिथून जरासं उजवीकडे ठसठशीत ठिपका देऊन शिरूर लिहिलं होतं, आणि दिल्ली, कोलकाता, बंगळूर, नागपूर अशा सगळ्या ओळी त्या ठिपक्यातून फाकल्या होत्या.

"मग? दुकान कुठं हाय?" पोपटने विचारलं. त्याचा हिशेब सरळ होता. आयुष्यभर त्याने जीपच्या पाट्या लिहिल्या. 'शिरूर – न्हावरे – केडगाव – दौंड'. गिऱ्हाईक ज्या गावात उभं, त्या गावाचं नाव पहिलं, हा त्या धंद्याचा नियम. विमानाला वेगळा नियम असेल हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही.

विश्वजीत पुसून घेणारच होता. पण तोवर बाहेर माणसं जमली होती, आणि आपल्या गावातून देशभर ओळी गेलेल्या बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं होतं ते पुसायला त्याचं मन झालं नाही. नकाशा तसाच राहिला. सोजराबाई भाजीवाली पुढे कितीतरी दिवस विचारत होती, विमान मार्केट यार्डामागं थांबतं का नदीपल्याड.

मग दर हंगामाला विश्वजीतचा निरोप यायचा, मामा, नवी गावं आली. पोपट शिडी घेऊन जायचा आणि ओळ वाढवायचा. त्याला ते काम फार आवडायचं. आणि एके दिवशी विश्वजीतने नवा कागद पुढे धरला. "रायपूर बी आलं बघा मामा. तुमच्या करुणाचं गाव. तुमचं पहिलं तिकीट माझ्याकडं लागलं. काय बोलू नका आता."

पोपटने सगळ्यांत बारीक ब्रश काढला. शिरूरच्या ठिपक्यावर टेकवला आणि हळूहळू उजवीकडे सरकवू लागला, आणि अर्ध्या वाटेतच त्याची तंद्री लागली. तो खिडकीशी बसला आहे. पायांशी रंगाचे डबे. खाली घोड नदी उन्हात चमकते आहे, कांद्याच्या वाफ्यांवरून विमानाची सावली पळते आहे आणि वाफ्यातली माणसं कपाळाला हात लावून वर बघत आहेत. नगर मागे पडलं, गोदावरी मागे पडली. मग नुसतं फिकट निळं, त्यानेच घोटून बनवलेलं निळं, जिथे एकही गाव नाही, धूळ नाही, कुणी काही विचारत नाही. त्या निळ्यात तो किती वेळ होता कोण जाणे. ब्रश रायपूरच्या ठिपक्याला टेकला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. ओळ इतकी सुरेख आली होती की बाकीच्या ओळी तिच्यापुढे जाड्याभरड्या दिसायला लागल्या.

त्याने फोन केला. "बाय, विमान लागलं तुझ्या गावाला. म्याच लाईन काढली."

"मग कवा येताय?" करुणाने लगेच विचारलं.

"जरा थंडी सरू दे."

थंडी सरली. मग जयंती आली, मग ग्रामपंचायतीच्या निवडणुका, मग पावसाळा. कामाचं निमित्तसुद्धा आता खरं उरलं नव्हतं. शिरूरात फ्लेक्सची मशिनं आली होती. पोपट ज्या कमानीला चार दिवस द्यायचा ती आता तासाभरात छापून यायची आणि वर फोटोसकट. सीटवर माणसं नेणाऱ्या वडापच्या जीपवरसुद्धा स्टिकर चिकटवायला लागले होते. पोपट बराच वेळ घरीच असायचा. तरीही तो गेला नाही. संध्याकाळी फिरायला निघाला की पाय विश्वजीतच्या गाळ्याकडे वळायचे, तो समोरच्या चहाच्या गाडीशी उभा राहायचा आणि त्या बारीक तांबड्या ओळीवरून डोळ्यांनी जाऊन यायचा. लेकीकडे जाऊन आल्यासारखं वाटायचं. हेच त्याचं चुकत होतं, पण हे त्याला सांगणार कोण.

करुणा दिवाळीला शिरूरला येऊन जायची, आणि ताईबाई मधल्या काळात रेल्वेने दोनदा रायपूरला जाऊन आली. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "पाटी कोरीच हाय अजून." दुसऱ्यांदा आली तेव्हा तेवढंही म्हणाली नाही. आणि पोपटच्या लक्षात आलं की करुणा फोनवर हवापाणी विचारते, त्याचा खोकला विचारते, पण कधी येताय हे तिने विचारायचं सोडलं आहे. कधीपासून सोडलं हे त्याला आठवेना. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

२००८ च्या दिवाळीच्या आधी विश्वजीतचा निरोप आला, काही ओळी पुसायच्या आहेत. पोपट गेला तर गाळ्यात पुण्याहून कंपनीच्या बाई आलेल्या. नाव नीलम. कोणते मार्ग ठेवायचे आणि कोणते बंद करायचे हे बघायचं त्यांचं काम, आणि त्यासाठी त्या गावोगावच्या एजंटांना भेटत हिंडत होत्या. भिंतीवरचा नकाशा बघून त्या आधी खूप हसल्या, मग खुर्ची वळवून बराच वेळ बघत बसल्या.

"खरंच असं असतं तर किती बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

पोपट निळा रंग कालवत खाली बसला आणि ऐकू लागला. नीलम मॅडम विश्वजीतला समजावून सांगत होत्या. आधी विमानं थोडी होती, मिळेल त्या तिकिटात माणूस बसायचा. आता कंपन्या चिकार झाल्या, दर पडले आणि तेल मात्र महागलं. दिल्ली भरते, बंगळूर भरतं. लांबच्या छोट्या शहरांना विमान सकाळी निम्मं रिकामं जातं आणि संध्याकाळी निम्मं रिकामं परत येतं. तेच विमान तेवढ्या वेळात बंगळूरला दोनदा जाऊन येईल. विमान जमिनीवर उभं राहिलं तरी खातं आणि रिकामं उडालं तर जास्तच खातं.

"पण मॅडम, नव्या मार्गाला जरा टाईम द्यायला लागंल का नाही?" विश्वजीत म्हणाला.

"देतो ना. माणसांना आधी कळतं की विमान आहे. मग कधीतरी वाटतं की आपणही त्यात बसू शकतो. बसतात त्यानंतर. तोवर आम्ही तोटा सोसत थांबतो. रायपूरसाठी थांबलो आम्ही. पण किती थांबणार?" मग त्यांनी विचारलं, "इथून आजवर कोणी गेलं रायपूरला?"

"कारेगावच्या कंपन्यांत तिकडची पोरं हायेत. पण ती दौंडातनं रेल्वेनं जात्यात," विश्वजीत म्हणाला. त्याने पोपटकडे बघितलं नाही. तेवढा तो पोरगा चांगला होता. "इमानदारीत सांगतो, एक बी न्हाई गेलं."

पोपटच्या हातातली काडी डब्यात फिरायची थांबली. आपण रोज चहाच्या गाडीशी उभे राहून डोळ्यांनी जात होतो, तेव्हा तिकडे वर खरंखुरं विमान जात होतं आणि त्यात आपली खुर्ची रिकामी जात होती. असं त्याला पहिल्यांदाच दिसलं, आणि फार वाईट वाटलं.

"मॅडम," तो खालूनच म्हणाला, "एखादा माणूस गेला असता इथनं, तर फरक पडला असता का वो?"

नीलम मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. थट्टा करत नाही हे त्यांना कळलं असावं. "एका माणसाने मार्ग चालत नाही, काका," त्या म्हणाल्या. "पण न येणारी सगळी माणसं एकेकटीच असतात."

त्या गेल्यावर विश्वजीतने कोणत्या ओळी पुसायच्या ते दाखवलं. "रायपूर शेवटी घ्या मामा. न्हाईतर राहू द्या तशीच, मी काय बोलत न्हाई. कोण इचारतंय."

"न्हाई," पोपट म्हणाला. "तीच आधी पुसतो. ती हितं हाय तवर म्या हितनं हलत न्हाई बघ."

त्याने शिडी लावली आणि रायपूरकडून सुरुवात केली. तांबड्यावर निळा बसायला वेळ लागतो. एक हात दिला तरी खालून ओळ दिसतच राहिली, दुसरा दिला तरी अंगावरच्या जुन्या वळासारखी जाणवत राहिली. तो शिरूरच्या ठिपक्यापर्यंत आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते, आणि त्या दिवशी त्याला तंद्री लागली नाही.

घरी येऊन त्याने ताईबाईला विचारलं, "दौंडातनं गाडीत बसवलंस तवा करुणा कुठं हुभी होती?"

ताईबाई भाकरी थापायची थांबली. तिने कधीपासून या प्रश्नाची वाट बघितली असेल. "पाण्याच्या नळापाशी. पुलाच्या खालतीच हाय नळ."

"चल संग."

"म्या दोनदा जाऊन आले," ती म्हणाली. "आता तुमचं तुम्ही जायाचं." आणि भाकरी तव्यावर टाकून ती त्याची पिशवी भरायला उठली.

तो न्हावऱ्यावरून केडगावला आणि तिथून दौंडला जीपने गेला. इतक्या वेळा लिहिलेली ती गावं त्याने पाटीवरच्या क्रमाने एकेक ओलांडली. दौंडच्या स्टेशनात नळ होता. रायपूरवरून जाणाऱ्या हावड्याच्या गाडीला अवकाश होता, तर पोपट त्या नळापाशी जाऊन उभा राहिला. पोरीच्या खांद्याला नवी बॅग असेल. ती सारखी पुलाच्या पायऱ्यांकडे बघत असेल, बाप धावत येतो का म्हणून. त्याने पायऱ्यांकडे बघितलं. तिथून कोण कोण उतरत होतं. मग त्याने नळाखाली तोंड धुतलं आणि गाडी आल्यावर चढला.

खिडकीशी जागा मिळाली. आणि मग ती गाडी चालतच राहिली. स्टेशनं, बाभळी, कापसाची शेतं, नद्या, नद्यांवर कपडे वाळत घातलेले, रेल्वेच्या फाटकाशी थांबलेल्या बैलगाड्या, पुन्हा स्टेशनं. त्याच्या भिंतीवर तिथे नुसतं निळं होतं. ही एवढी गावं, एवढी माणसं, एवढा लांब रस्ता करुणा दर दिवाळीला त्याला भेटायला तुडवत यायची, आणि त्याने तो हातभर ओळीत बसवला होता. गाडीच्या हिंदकळण्यात त्याला डुलकी लागली, आणि डुलकीत तो परत विमानात बसला होता, पण विमान रुळांवरून चाललं होतं आणि प्रत्येक गावाला थांबत होतं. त्याला ते जास्त बरं वाटलं.

रायपूरला पत्ता विचारत विचारत तो दवाखान्यामागच्या चाळीपाशी पोचला. खोलीला कुलूप होतं. करुणा ड्युटीवर असणार. दारावर लाकडाची पाटी होती, अजून कोरी. पण जवळ गेल्यावर त्याला दिसलं की ती अगदी कोरी नव्हती. पाटीवर एकाखाली एक अशा खडूच्या दोन पांढऱ्या रेघा होत्या, अक्षरांची उंची सोडून, जशा तो मारायचा तशा. वरची जराशी उजवीकडे उतरली होती. तो पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसून राहिला.

करुणा पांढऱ्या गणवेशात आली आणि अंगणातच थबकली.

"विमानानं आलात?" तिने विचारलं.

"न्हाई. ती लाईन पुसली म्या," तो म्हणाला. "रेल्वेनं आलो. दौंडात नळापाशी थांबलो जरा. उशीर झाला बाय मला."

करुणाने मान खाली घातली. तिला कळलं. पोपटने पाटीकडे बोट केलं. "ह्या रेघा कुणी मारल्या?"

"मीच. सारख्या पुसत्यात, मग परत मारते. तुम्ही अचानक आलात तर तयार असाव्यात."

"आन् दुसरं टोक कुणी धरलं?"

"खिळा ठोकलाय तिकडं," ती म्हणाली. "त्याला बांधते."

पोपटने बघितलं. पाटीच्या उजव्या कडेला चौकटीत एक खिळा होता, आणि त्याला सुताचा तुकडा अजून लटकत होता. खिळा धरतो घट्ट, पण सूत सरकलं तर वर उचलून धरत नाही, म्हणून वरची रेघ उतरली होती. त्याने पिशवीतून रंगाचे डबे काढले, ब्रश काढले, जुन्या फडक्याने त्या दोन्ही रेघा पुसल्या आणि तो खिळा पकडीने उपटून खिशात टाकला. मग सुताला खडू लावून एक टोक तिच्यापुढे धरलं.

"धर," तो म्हणाला. "सैल सोडू नको."

करुणाने गणवेशाच्या बाह्या मागे सारल्या, टोक पाटीच्या कडेला टेकवलं आणि ओठ दाबून उभी राहिली.